आरयू की आरआय: एका बारशाआधीचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी हेडक्लार्क होतो. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, दहावीचे परीक्षा अर्ज हे माझं काम. निवृत्त झालो तरी गल्लीतली, ओळखीपाळखीची माणसं नावातल्या फरकाचे कागद घेऊन घरी येतात. आधारला एक नाव, दाखल्याला दुसरं, पॅनला तिसरं. बहुतेक वेळा उशीर झालेला असतो आणि सांगण्यासारखं एवढंच उरतं: प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, मग एकेक कागद बदलत बसा. एका मुलीच्या नावाचं आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगचं हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण या खेपेला माणसं वेळेत आली. बाळ चार दिवसांचं होतं.

घरच्यांच्या संमतीनं लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत. बदलताना एवढंच पाहिलं की मूळ नावांतला स्पेलिंगचा गुंता जसाच्या तसा राहावा.

घर आणि घरातले पक्ष

राजारामपुरीतलं एकत्र कुटुंब. बाळाचे वडील पृथ्वीराज पोवार, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत डिझाइनचं काम करतात. आई स्मिता, माहेर निपाणी, इथल्या एका महाविद्यालयात शिकवते. आजोबा एसटीतून निवृत्त. आजींचा शब्द घरात शेवटचा. आत्या सांगलीला दिलेली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा आणि तो ती कुणाला देणार नव्हती. धाकटे काका नोएडाला नोकरीला. घरात नसून सगळ्यांत जास्त तेच बोलत होते, व्हॉट्सॲपवर.

नावं तीन पुढं आली होती. आजोबांचं ज्ञानदा, आत्याचं तारा, आईचं ऋजुता. ज्ञानदा आजोबांनी आपणहून मागं घेतलं. ज्ञ मराठी माणूस डीएनवाय असा लिहितो, हिंदीवाला जीवाय, संस्कृत शिकलेला जेएन. नोएडाच्या काकांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून डीएनवायचं स्पेलिंग वाचून घेतलं आणि तो आवाज घरच्या ग्रुपवर टाकला. ‘डन्यानाडा’ हे आजोबांनी एकदाच ऐकलं.

तारा मला स्वतःला आवडलं होतं. चार अक्षरं, स्पेलिंग एकाच तऱ्हेनं होतं, आणि कोल्हापुरात ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा रोज दिसतो. पण भावकीत एक तारा आधीच होती आणि दोन घरांचं आधीच बोलणं नव्हतं. मुद्दा संपला.

ऋजुताला अडथळा आला तो आजींकडून. गुरुजींनी पत्रिका मांडली: स्वाती नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर ‘रू’. आजी म्हणाल्या, “रू वरनंच नाव पायजे, मी सांगतो.” आमच्याकडं बायकाही ‘मी सांगतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. ऋजुता ‘रू’ मध्ये बसते का? मराठी तोंडात ऋ चा उच्चार रु असाच होतो, म्हणून गुरुजींनी बसवलं. हेच नाव उत्तरेकडच्या गुरुजींपुढं गेलं असतं तर त्यांनी ते ‘री’ मध्ये टाकलं असतं, म्हणजे चित्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणात. रास दोन्हीकडं तूळच. आजींना हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

अशा तऱ्हेनं नाव ठरलेलंच होतं. तरी घरात भांडण चालू होतं, कारण स्पेलिंग कसं, मधलं नाव कुणाचं, आणि हे सगळं एकवीस दिवसांत उरकायचं कसं, हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी एकाच खोलीत चर्चेला होते. आजी मधल्या नावावर बोलायच्या तेव्हा काका स्पेलिंगवर उत्तर द्यायचे.

मी विचारलेला पहिला प्रश्न

“दवाखान्यात फॉर्म भरून दिलाय का?”

पृथ्वीराज म्हणाले, “नाव ठरलं नाही म्हणून थांबवून ठेवलाय.”

इथं बहुतेक घरांचा घोटाळा होतो. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते, आणि दवाखान्यातल्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची. पण त्या खबरीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा; त्याच्या १४ व्या कलमात बिननावाची नोंद करून नाव मागाहून घालायची सोय आहे. बारा महिन्यांच्या आत घातलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे बारसं निवांत करा, नाव निवांत ठरवा. कायद्याला घाई नाही.

घाई असते ती आईवडिलांच्या नावांची. बाळाचा रकाना रिकामा राहू शकतो, आईचा आणि वडिलांचा राहत नाही. ही दोन नावं त्या पहिल्या कागदावर जशी जातील तशी ती मुलीच्या जन्म दाखल्यावर कायमची बसतात. आणि तो दाखला आता पूर्वीसारखा कपाटात ठेवून द्यायचा कागद राहिलेला नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना जन्मतारीख आणि जन्मस्थळ दाखवायला तोच एक पुरावा आहे. आमच्या काळात शाळेचा दाखला जे काम करायचा ते आता हा करतो. दाखल्यात चूक झाली तर १५ व्या कलमाखाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहितात. आणि एकदा घातलेलं नाव काढून तिथं दुसरं घालणं ही सोपी गोष्ट नाही.

म्हणून मी सांगितलं, मुलीचं नाव बाजूला ठेवा. तुम्हा दोघांचे कागद काढा.

चटईवर मांडलेले कागद

वडिलांचं आधी. दहावीच्या प्रमाणपत्रावर पृथ्वीराजमधला ‘पृ’ पीआरयू. पॅनवर पीआरयू. पासपोर्टवर पीआरयू. आधारवर पीआरआय. आधार काढताना केंद्रावरच्या मुलानं नाव ऐकलं आणि त्याला येत होतं तसं टाइप केलं, यांनी पावती न वाचता सही केली. गंमत म्हणजे बायकोच्या आधारवर मधलं नाव म्हणून यांचंच नाव आहे आणि तिथं ते पीआरयू आहे. म्हणजे नवऱ्याचं स्पेलिंग नवऱ्याच्या आधारवर चुकलेलं आणि बायकोच्या आधारवर बरोबर.

आता बाळाच्या नोंदणीत आईवडिलांचे आधार क्रमांकही मागतात. फॉर्मवर पीआरयू आणि आधारवर पीआरआय असा फरक दाखल्याच्या पहिल्याच दिवशी तयार झाला असता. चारांत एक कागद चुकीचा होता, तेव्हा तो एकच बदलायचा. पासपोर्ट पुरावा म्हणून लावून पृथ्वीराजांनी आधारमधलं नाव दुरुस्त करायला टाकलं. आधारला नावात बदल आयुष्यात दोनदाच करता येतो, त्यामुळं भरलेला अर्ज सही करण्याआधी अक्षर अक्षर वाचा, एवढं त्यांना बजावलं.

आईचं प्रकरण जास्त नाजूक. स्मिता निपाणीची. घरात मराठी, शाळाही मराठी माध्यमाची, पण कागद कर्नाटकचे. तिकडं त ला टीएच लिहायची पद्धत आहे. लता, गीता, सविता या सगळ्यांच्या शेवटाला एच येतो. त्यामुळं एसएसएलसीपासून, म्हणजे तिकडच्या दहावीपासून, पदव्युत्तर पदवीपर्यंत ती एस-एम-आय-टी-एच-ए. आधारही तसंच. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फॉर्मवर मात्र इकडच्या सवयीनं एच गाळून लिहिलं होतं. घरातल्यांना तेच बरोबर वाटत होतं. आजोबा म्हणाले, “एच काढा की तो. स्मिथा म्हंजे इंग्रजाची बाई वाटते.”

तो एच काढायचा नाही, असं मी ठाम सांगितलं. स्मिताच्या पदव्या, सेवापुस्तक, पॅन, बँक, सगळीकडं तो एच आहे. मुलीच्या दाखल्यावर तो नसला की पुढं प्रत्येक टेबलावर आई आणि मुलीच्या दाखल्यातली आई ही एकच बाई आहे हे सिद्ध करत बसावं लागेल. उच्चाराची चिंता मराठी रकान्यानं मिटते. तिथं ‘स्मिता’ स्वच्छ लिहिलेलं असतं. स्मिता इतका वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, “इथं आल्यापासून मला स्मिथा मॅडम म्हणतात. मला चालतं. पण कागदावर मला अर्धं करू नका.”

फॉर्म दुरुस्त होऊन गेला. वडील पीआरयू, आई टीएच, बाळाचा रकाना कोरा.

पोवार

आडनावाबद्दल थोडक्यात, कारण वाद झाला नाही. पोवार हे आमच्या भागातलं रूप. बोलताना पोवार, गावच्या सातबाऱ्यावर पोवार. पण आजोबा नोकरीला लागले तेव्हा आस्थापनेतल्या कुणाला तरी ते गावठी वाटलं असावं. सेवापुस्तकावर ते पवार झाले आणि पेन्शनही पवारांची चालू आहे. मुलाला शाळेत घातलं तेव्हा त्या वेळच्या मास्तरांनी पुन्हा पोवार लिहिलं. एका घरात बाप पवार, लेक पोवार. काकांचं म्हणणं असं की पी-ओ-डब्ल्यू-ए-आर हे बाहेरचे लोक ‘पॉवर’ असं वाचतात, तेव्हा या निमित्तानं सगळ्यांनी पवार व्हावं. वडिलांचे सगळे कागद पोवार असताना मुलगी पवार करणं म्हणजे नवी भानगड विकत घेणं. मुलगी पोवारच. आणि ऑफिसात चार लोकांनी पॉवर म्हटलं तर त्यात वाईट काय आहे?

मधलं नाव

खरा खल इथं झाला.

आजींचं म्हणणं साधं होतं. “पोरीचं मधलं नाव लग्नात बदलायचंच की. त्याचा एवढा काथ्याकूट कशाला?” हे वाक्य मी शाळेच्या खिडकीतून इतक्यांदा ऐकलंय की आजींचा राग आला नाही. पण त्याचा परिणाम मी रजिस्टरात पाहिलेला आहे. मुलाचा अर्ज भरताना बाप स्वतःच्या नावाचं स्पेलिंग खिशातलं पॅनकार्ड काढून लिहायचा. मुलीच्या वेळी “टाका तुम्हाला येतंय तसं.” त्या मुली पुढं शिकल्या, नोकरीला लागल्या, परदेशी गेल्या, आणि बापाच्या नावातलं ते एक अक्षर त्यांच्या प्रत्येक कागदाबरोबर फिरत राहिलं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललं तरी दहावीचं प्रमाणपत्र बदलत नाही. मुलीचं मधलं नाव हे तात्पुरतं, अशा समजुतीवर पिढ्यान् पिढ्या चालल्या. कागदाला ती समजूत माहीत नसते.

पृथ्वीराज शासन निर्णय छापूनच घेऊन आले होते. मार्च २०२४ चा, महिला व बालविकास विभागाचा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांत बालकाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव या क्रमानं लिहायचं. शाळाप्रवेशाचे अर्ज, परीक्षांचे अर्ज, शिधापत्रिका, सेवापुस्तक हे सगळं त्यात येतं. जन्म नोंदवहीचा विषय केंद्राच्या कायद्याखाली असल्यानं तिच्याबाबत आरोग्य विभागानं केंद्राशी विचारविनिमय करून सुधारणा करावी, असंही त्यातच होतं. पृथ्वीराजांचा हिशोब असा: आज ना उद्या शाळेत चार पदांचं नाव लिहावं लागणारच, मग दाखल्यावरच ते तसं का असू नये? मला ते पटलं. दाखला आणि शाळा यांच्यात पहिलीच्या वर्गापासून फरक ठेवायचा कशाला?

आजोबांचा विरोध तिथंच मावळला. एसटीत आयुष्य गेलेला माणूस. परिपत्रक आलं की विषय संपतो.

विरोध आला तो अनपेक्षित बाजूनं. स्मिताची आई बाळंतपणासाठी निपाणीहून आली होती. तिला हे पसंत नव्हतं. “जावयाच्या नावाआधी माझ्या पोरीचं नाव? लोक म्हणतील बाईनं आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं.” मानाचा प्रश्न सासरच्यांनी काढायचा, तो माहेरच्यांनी काढला. तिला समजावलं ते आजींनी. आजींना क्रमाचं फारसं काही नव्हतं. विहीणबाईंनी आपल्या घरातल्या गोष्टीत बोलावं हे मात्र त्यांना रुचलं नाही. “आमच्या घरचं नाव आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका,” असं म्हणून त्यांनी ज्या गोष्टीला सकाळपर्यंत नाक मुरडलं होतं तिच्यावरच शिक्कामोर्तब करून टाकलं.

नोएडाच्या काकांची सूचना निराळी. आईबापाचं कुणाचंच नको, परदेशात असतं तसं स्वतंत्र मधलं नाव द्या: ऋजुता अंबिका पोवार. अंबाबाईचं नाव म्हणून आजींनी मान डोलावली. ऐकायला सुंदर आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडचा कोणताही कारकून मधलं नाव म्हणजे बापाचं नाव असंच वाचतो. प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या रकान्यात पृथ्वीराज आणि मुलीच्या मध्ये अंबिका दिसली की पहिला प्रश्न येणार, “हे कुणाचं नाव?” गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घरात जे सहज चालतं त्याला राजारामपुरीत दर वर्षी खुलासा जोडावा लागला असता. अंबिका बारशाला कानात सांगा, असा तोडगा मी सुचवला. कानात कितीही नावं सांगता येतात.

स्मिताची शंका सगळ्यांत व्यावहारिक होती. चार पदांचं नाव अर्जांत मावेल का? बहुतेक ऑनलाइन अर्जांत नाव, मधलं नाव, आडनाव असे तीनच रकाने असतात. तिथं दोन्ही पालकांची नावं मधल्या रकान्यात एक जागा सोडून लिहायची, हा उपाय. पासपोर्टला तर दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. ऋजुता, स्मिता, पृथ्वीराज हे तिन्ही पहिल्यात जातील. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. पहिल्या ओळीतली पाच चिन्हं पासपोर्टचा प्रकार आणि देश यांना जातात, नावाला राहतात ३९. आम्ही तिथंच पाठकोऱ्या कागदावर मोजलं. पोवारची पाच, मग दोन भरीची, ऋजुताची सहा, एक भरीचं, स्मिताची एचसकट सहा, पुन्हा एक, पृथ्वीराजची दहा. एकूण ३१. आठ चिन्हं शिल्लक. आजोबा म्हणाले, “माझं पण बसतंय की मग.” आजोबांचं नाव कुणी घातलं नाही.

स्पेलिंग

ऋजुताचे तुकडे पाडले तर ऋ ला आरयू किंवा आरआय, जु ला जेयू किंवा जेओओ, ता ला टीए, टीएए किंवा टीएचए. दोन गुणिले दोन गुणिले तीन. बारा स्पेलिंगं, आणि बाराही कुठं ना कुठं कुणीतरी लावलेली असणार. यातली बरीच ताबडतोब गळतात. जु ऱ्हस्व आहे, त्याला दोन ओ लावून लांबवण्यात अर्थ नाही. शेवटी दोन ए लावणं ही हौस. कारकून त्यातला एक हमखास गाळतो.

आरयू की आरआय यावर काका अडून बसले. दिल्लीकडं ऋ म्हणजे रि. तिकडचे लोक अमृता, ऋषिकेश आरआयनं लिहितात, आरयू पाहिलं की त्यांना ते चुकीचं वाटतं. खरं आहे. पण इकडं अमृता आरयूनं असते, ऋषिकेश आरयूनं असतो, आणि ऋतुजा तर आरयूशिवाय दिसतच नाही. मुलीला हाक इथं मारली जाणार. त्यात वडिलांच्या नावातही तोच स्वर आहे आणि तो आपण नुकताच आधारवर पीआरयू करून घेतलाय. एकाच ओळीत मुलीचा ऋ एका पद्धतीनं आणि बापाचा दुसऱ्या पद्धतीनं, हे बघायलाही बरं दिसत नाही आणि टाइप करणाऱ्यालाही चकवतं. आरयू.

टीएचचं काय, हा प्रश्न आईचा होता आणि तो नुसता स्पेलिंगचा नव्हता. स्मिताला मुलीच्या नावाचा शेवट आपल्यासारखा हवा होता. मधल्या नावाच्या सगळ्या वादात तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हे एवढंच मागितलं. मी काही बोललो नाही. पृथ्वीराजही बोलले नाहीत. तिनं स्वतःच मार्ग काढला. प्रसूती रजेवर असल्यानं तिनं सहकारी प्राध्यापिकेला सांगितलं की वर्गात फळ्यावर टीएचचं स्पेलिंग लिहा आणि पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्या. पोरांनी वाचलं, ‘रुजुथा’. कुणीही ‘ता’ म्हणालं नाही. संध्याकाळी स्मिता म्हणाली, “एच माझ्याजवळच राहू दे.” निपाणीत किंवा धारवाडमध्ये संसार असता तर मीच तिला टीएच ठेवायला सांगितलं असतं. मूल ज्या गावात शाळेत जाणार तिथल्या वाचण्याप्रमाणे स्पेलिंग असावं, आईच्या गावातल्या नाही, हे तिला माझ्या आधी कळलं.

मग आत्या आली, आणि तिच्याबरोबर अंकशास्त्र. तिच्या मोबाइलमधल्या ॲपनं आर-यू-जे-यू-टी-ए ची बेरीज एक सांगितली आणि तो म्हणे राजयोग. तिच्या जावेच्या ॲपनं दोन सांगितली आणि एच वाढवा म्हणून सल्ला दिला. दोघी सांगलीहून येताना गाडीत भांडतच आल्या. दोन्ही ॲपं खरीच बोलत होती, कारण पद्धतीच दोन आहेत. पायथागोरसच्या नावानं चालते तीत आर नऊ, यू तीन, जे एक, यू तीन, टी दोन, ए एक; बेरीज १९, मग दहा, मग एक. खाल्डियन म्हणतात तीत आर दोन, यू सहा, जे एक, यू सहा, टी चार, ए एक; बेरीज २०, म्हणजे दोन. एच घातला की पहिलीत नऊ येतात आणि दुसरीत सात. कोणता अंक हवा ते आधी ठरवा, त्याप्रमाणे पद्धत निवडता येते, असं मी म्हटल्यावर आत्यानं मोबाइल पर्समध्ये टाकला. “मला काय करायचंय इंग्लिश? मी कानात मराठीतच सांगणार.”

मराठीतलं स्पेलिंग हा विषय मात्र कुणीच काढला नव्हता, आणि मला त्याचीच जास्त धास्ती होती. दाखल्यावर नाव दोन्ही लिपींत येतं. इंग्रजीत नाव टाइप केलं की पुष्कळ ठिकाणी संगणक आपोआप मराठी तयार करतो आणि त्याला ऋ सुचत नाही. तो ‘रुजुता’ करतो, कधी ‘रूजूता’. इंग्रजी अक्षरांवर महिनाभर खल करणारी माणसं मराठी ओळीकडं बघतही नाहीत, कारण ती आपली भाषा, ती बरोबरच असणार. मी कागदावर मोठ्या अक्षरात ‘ऋजुता’ लिहून दिलं आणि खाली टीप: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून बरोबरच्या (=) चिन्हाची कळ दाबली की ऋ उमटतो. असं काहीबाही लिहून दिलं की कारकून चिडत नाही, उलट त्याचं काम हलकं होतं. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे.

नंतर

बारसं बाराव्या दिवशी झालं. घुगऱ्या, पाळणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, सगळं रीतसर. आत्यानं कानात ऋजुता सांगितलं, अंबिका सांगितलं, आणि भावकीला न विचारता ताराही सांगून टाकलं. त्यानंतर दोघा पालकांच्या सहीचा अर्ज गेला आणि कोऱ्या रकान्यात नाव आलं: ऋजुता स्मिता पृथ्वीराज पोवार. मराठी ओळ बरोबर होती.

अडकलं ते बाल आधारला. पाच वर्षांखालच्या मुलांचं हे आधार निळं असतं, बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात आणि आईचं किंवा वडिलांचं आधार जोडतात. केंद्रावरच्या पडद्यावर इंग्रजी चारही पदं नीट होती, मराठीत मात्र आडनाव ‘पॉवर’ उमटलं होतं. या वेळी पृथ्वीराजांनी सहीआधी वाचलं. मुलगी रडत होती, मागं रांग होती, तरी त्यांनी ते बदलून घेतलं. हे आधार पाचव्या वर्षी ठसे देऊन अद्ययावत करायचं आहे, तेव्हा चारही पदं पुन्हा एकदा तपासावी लागतील.

एक धागा तसाच राहिलाय. पुढंमागं मुलीला जातीचा दाखला काढायचा झाला तर वडील आणि आजोबांचे कागद लागतील, आणि आजोबांच्या नोकरीच्या कागदांवर ते अजून पवारच आहेत. माणूस आहे तोवर प्रतिज्ञापत्र तरी करून ठेवा, असं मी पृथ्वीराजांना सांगितलं. त्यांनी आजोबांपुढं विषय काढला. आजोबा म्हणाले, “पेन्शन येतीया ती पवारांच्या नावानं. बंद पाडताय व्हय?”